अडलेला काटा, बदलती घडण
स्थूलत्वाच्या शस्त्रक्रियेनंतरचे वजन आणि शरीर: एक आढावा

स्थूलत्वाच्या शस्त्रक्रियेनंतर वजन जिना उतरावा तसे उतरते: काही दिवस भराभर, मग काही दिवस एकाच पायरीवर मुक्काम. या मुक्कामाला रुग्ण 'वजन अडलं' म्हणतात, डॉक्टर 'प्लॅटू' किंवा पठार म्हणतात. ही पठारे दोन प्रकारची असतात. पहिले साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते, थोडे दिवस टिकते आणि आपोआप सुटते. दुसरे बारा ते अठरा महिन्यांनंतर येते आणि बहुधा तेच त्या शरीराचे नवे वजन ठरते. दोन्हींची कारणे वेगळी आणि त्यांच्याशी वागायची रीतही वेगळी. दोन्ही वेळी काट्यावरचा आकडा हलत नसला, तरी आत चरबी, स्नायू, पाणी आणि हाडे यांची उलाढाल चालूच असते.

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे माणकोली–अंजूरफाटा पट्ट्यातले गोदामांचे गाव. अशा गावात वजनकाटा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वेगळे समजावावे लागत नाही. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा केले की मालाचे वजन निघते. त्या मालात कापड किती, साबण किती, हे कळायला चलन पाहावे लागते. माणसाच्या वजनाचेही असेच आहे. शस्त्रक्रियेनंतर घटलेल्या किलोंमध्ये चरबी किती गेली आणि स्नायू किती गेला, याचे चलन वेगळे काढावे लागते. या घटकांच्या प्रमाणालाच शरीराची घडण म्हणता येईल.

शस्त्रक्रिया नेमके काय बदलते

भारतात सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'त जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. 'मिनी बायपास' नावाच्या प्रकारात पिशवी लांबट असते आणि जोड एकच असतो.

पोट लहान झाले म्हणून वजन उतरते, हा समज अर्धाच खरा आहे. भुकेचे संप्रेरक घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होते आणि स्लीव्हमध्ये तो घुमटच निघून जातो. अन्न लवकर आतड्यात पोचत असल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके जेवणानंतर जास्त प्रमाणात स्रवतात. त्यामुळे भूक मंदावते, थोडक्यात पोट भरते आणि रक्तशर्करा वजन फारसे उतरण्याआधीच सुधारू लागते. पुण्याचे शल्यविशारद डॉ. शशांक शहा आणि अमेरिकेतील डॉ. डेव्हिड कमिंग्ज यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३५ च्या आत असलेल्या १५ मधुमेही भारतीयांवर बायपास केला होता. तीन महिन्यांत या सर्वांची मधुमेहाची औषधे बंद झाली. शस्त्रक्रियेचा परिणाम केवळ किलोंत मोजणे अपुरे का, याचा हा एक पुरावा.

तिसऱ्या आठवड्याचा थांबा

शस्त्रक्रियेच्या आधी साधारण दोन आठवडे यकृत लहान व्हावे म्हणून अगदी कमी कॅलरींचा आहार देतात. नंतर पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग दाट पातळ, मग मऊ अन्न असा क्रम असतो. पहिल्या आठवड्यांत दिवसाचे खाणे बहुधा चार-सहाशे कॅलरींच्या पुढे जात नाही. शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, वापरते. हा साठा जेमतेम अर्धा किलो असतो, पण त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपताना हे पाणीही बाहेर पडते. आहारातले मीठ घटल्यानेही पाणी कमी होते. पहिल्या दहा-बारा दिवसांत काटा झपाट्याने खाली जातो, त्यात या पाण्याचा वाटा मोठा असतो.

मग खाणे थोडे वाढते, शर्करेचा साठा अंशतः भरतो आणि त्याबरोबर पाणी परत येते. त्याच काळात चरबी जळतच असते. एकीकडे चरबी गेली, दुसरीकडे पाणी आले आणि बेरीज शून्य झाली की काटा जागीच राहतो. बद्धकोष्ठता, मासिक पाळीच्या आधी अंगात साठणारे पाणी, नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने स्नायूंना येणारी हलकी सूज हीदेखील यात भर घालतात. हा थांबा काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत टिकतो. या काळात कंबरेचा घेर अनेकदा कमी होत राहतो, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागते आणि आकडा मात्र तोच असतो.

पाणी आणि चरबी यांतला फरक साध्या हिशेबाने कळतो. २०१७ साली अलेक्झांड्रियाहून विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलेल्या, सुमारे पाचशे किलो वजन सांगितलेल्या इजिप्शियन रुग्ण महिलेची बातमी जगभर गाजली. डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्च रोजी तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. त्याआधीच्या सुमारे चार आठवड्यांत पातळ आहारावर तिचे वजन शंभर किलोंहून अधिक घटल्याचे जाहीर झाले होते. एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. शंभर किलो चरबी म्हणजे ७ लाख ७० हजार कॅलरी, म्हणजे चार आठवडे रोज साडेसत्तावीस हजार. कोणत्याही माणसाचे शरीर पडल्यापडल्या इतके जाळू शकत नाही. अर्थात त्या घटीतला फार मोठा भाग साचलेल्या द्रवाचा असणार. हाच नियम लहान प्रमाणात प्रत्येक रुग्णाला लागू होतो: आठवड्यात पाच किलो उतरणे हे जसे निव्वळ चरबीचे यश नसते, तसे आठवडाभर काटा न हलणे हेही चरबीचे अपयश नसते.

वर्ष-दीड वर्षानंतरचे पठार

दुसऱ्या पठाराचे मूळ ऊर्जेच्या जमाखर्चात आहे. हलके शरीर कमी ऊर्जा वापरते. ते चालवायला, उचलायला, गरम ठेवायला कमी लागते. अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल यांच्या मांडणीनुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र त्याच्या कितीतरी पट, सुमारे ९५ कॅलरींनी वाढते. तीस किलो उतरलेल्या माणसाचा खर्च सहाशे ते नऊशे कॅलरींनी घटलेला असतो. दरम्यान त्याचे खाणेही पहिल्या महिन्यातल्या पाचशे कॅलरींवरून हळूहळू हजार-बाराशेच्या पुढे गेलेले असते. ज्या दिवशी खाणे आणि खर्च यांची गाठ पडते, त्या दिवसापासून पठार सुरू होते.

केवळ पथ्यावर वजन उतरवणाऱ्याची भूक इतक्या जोराने उसळते की त्याचे पठार वर्षाच्या आतच येते. शस्त्रक्रियेनंतर हे उशिरा आणि बऱ्याच खालच्या वजनावर येते. हॉल यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या गणिती अभ्यासाचा निष्कर्ष असा, की बायपास आणि वजनाची नवी इंजेक्शने भुकेचा हा उलटा रेटा ४० ते ७० टक्क्यांनी दुबळा करतात. रेटा पूर्ण नाहीसा होत नाही, म्हणून पठार टळत नाही.

यात आणखी एक भाग असतो. शरीर लहान झाल्याने जेवढा खर्च घटायला हवा, त्याहूनही तो जास्त घटतो. अमेरिकेतील 'द बिगेस्ट लूझर' या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनी, गमावलेल्या वजनापैकी बरेच परत आल्यावरही, त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरींनी कमी होता. बायपास झालेल्या रुग्णांशी याच गटाची तुलना केली तेव्हा बायपासनंतरची ही जादा घसरण वर्षभरात जवळपास भरून निघालेली दिसली.

पठार किती खाली येते याचा दीर्घ हिशेब स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या 'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' अभ्यासाने दिला. बायपासच्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. जठराभोवती पट्टा बांधण्याच्या जुन्या पद्धतीत हेच आकडे २० आणि १४ टक्के होते. म्हणजे तळ गाठल्यावर थोडे वजन परत चढणे हा नियम आहे. अपवाद शोधायचा तर तो अजिबात न चढणाऱ्यांत शोधावा लागेल.

चरबी किती, स्नायू किती

एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. ११० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात ५० किलो चरबी आणि ६० किलो चरबीरहित भाग आहे. वर्षभरात ३२ किलो उतरले. त्यांपैकी २४ किलो चरबी, ८ किलो चरबीरहित. आता ७८ किलोंत २६ किलो चरबी आणि ५२ किलो चरबीरहित भाग उरला. चरबीचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३३ वर आले. घडण सुधारली, तरी स्नायूंसह आठ किलो गेलेच.

हे प्रमाण कल्पनेतले असले तरी वास्तवाजवळचे आहे. एकत्रित अभ्यासांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात आठ किलोंच्या आसपास चरबीरहित भाग जातो आणि त्यातला निम्म्याहून अधिक पहिल्या तीन महिन्यांत. हे आठही किलो स्नायूंचे नसतात. त्यांत पाणी, मोठ्या शरीराला आधार देणाऱ्या ऊती, आकाराने लहान झालेले यकृत यांचाही वाटा असतो. नव्वद किलोंच्या शरीराला एकशेदहा किलोंच्या शरीराइतक्या मांड्या लागत नाहीत. म्हणून थोडी घट नैसर्गिक आहे. टाळायची असते ती अतिरिक्त घट.

आता याच स्त्रीचे दुसरे वर्ष पाहावे. वजन वर्षभर ७८ किलोच राहिले. नियमित व्यायाम केला आणि प्रथिने पुरेशी खाल्ली तर स्नायू दोन किलोंनी वाढून चरबी दोन किलोंनी घटू शकते. मग चरबी ३१ टक्के. दुर्लक्ष झाले तर उलटे घडून ती ३६ टक्के होते. दोन्ही शरीरांचे वजन एकच, पण पहिले जिना चढताना थांबत नाही आणि दुसऱ्याला धाप लागते. पठारावर खरा फरक इथे पडतो.

'स्नायू वाढवा म्हणजे बसल्याबसल्या चरबी जळेल' हा व्यायामशाळांतला सल्ला मात्र फुगवलेला आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतो, एक किलो चरबी साडेचार. दोन किलो जादा स्नायूंनी जेमतेम पोळीचा एखादा तुकडा जळतो. स्नायूंचे मोल दुसरीकडे आहे: रक्तातली साखर शोषून घेण्यात, तोल सांभाळण्यात, म्हातारपणी पडण्यापासून वाचवण्यात.

चरबी कुठून जाते यालाही महत्त्व आहे. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती साठलेली चरबी आणि यकृतातली चरबी शस्त्रक्रियेनंतर लवकर घटते, आणि मधुमेह-रक्तदाबाशी तिचाच जवळचा संबंध आहे. कातडीखालची चरबी सावकाश जाते. ताणलेली कातडी मात्र जागेवर येत नाही. पोट, दंड, मांड्यांवर लोंबते आणि तिचेही वजन काट्यावर मोजले जाते. वजन स्थिरावून काही महिने झाल्यावरच ती काढण्याची शस्त्रक्रिया करतात. हाडांची घनताही काही प्रमाणात कमी होते, बायपासनंतर अधिक. म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते.

मराठी शरीराचे वेगळेपण

या विषयाला महाराष्ट्रात एक खास संदर्भ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाने या फरकाचे मूळ गर्भाशयापर्यंत नेले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार अशी ही घडण जन्मापासूनची आहे.

त्यामुळे भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जादा आणि २५ पासून स्थूलत्व मानतात. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही आशियाई लोकांना २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असे म्हटले आहे. भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटी मात्र बीएमआय ४०, किंवा गंभीर आजार असल्यास ३५, इथेच थांबतात. पठाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्याच्याजवळ मुळातच स्नायू कमी त्याने शस्त्रक्रियेत गमावलेला प्रत्येक किलो स्नायू महागात पडतो. वजन बेताचे दिसले तरी चरबीचे प्रमाण चढेच राहू शकते.

मोजायचे कसे

रोज वजन केल्याने निरर्थक चिंता वाढू शकते. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत केलेले वजन पुरते. जोडीला नाभीच्या पातळीवर कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा.

घडण मोजण्याची विश्वासार्ह रीत म्हणजे डेक्सा तपासणी. क्षीण क्ष-किरणांनी ती चरबी, हाडे आणि उरलेला भाग वेगळा करते. व्यायामशाळांत आणि दवाखान्यांत दिसणारी, पायांखालून मंद वीज सोडणारी यंत्रे प्रत्यक्षात पाण्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून चरबीचे गणित मांडतात. शरीरात पाणी कमी-जास्त असले की ती फसतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत तर विशेष. त्यांचा एक आकडा खरा मानू नये, काही महिन्यांतला कल पाहावा.

ताकद यंत्राविनाही मोजता येते. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला बारा सेकंदांहून जास्त लागत असतील, किंवा मुठीची पकड पुरुषात २८ आणि स्त्रीत १८ किलोंहून कमी भरत असेल, तर आशियाई निकषांनुसार स्नायूंच्या दुबळेपणाची शंका घेतात.

ताट आणि पाळी

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या वरणात सहा-सात, पाव लिटर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पोटात एका वेळी अर्धी-पाऊण वाटी मावत असताना हा आकडा गाठणे सोपे नाही. म्हणून घास प्रथिनांचा आधी, भात-भाकरी नंतर. खाडीकाठच्या आगरी घरांत मासळी, सुकट, बोंबील रोजचे असतात आणि प्रथिनांसाठी ते उत्तम. खारवलेल्या सुक्या मासळीतल्या मिठाने मात्र दुसऱ्या दिवशी काटा चढतो; ती चढण पाण्याची असते. शाकाहाऱ्यांना चक्का, पनीर, मोड आलेली कडधान्ये, सोयाबीनच्या वड्या यांवर भर द्यावा लागतो आणि अनेकदा प्रथिनांची पावडरही.

गोदामांच्या पट्ट्यात काम दोन टोकांचे असते. माथाडी आणि हमाल यांचे काम ओझ्याचे. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९६९ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जड वजन उचलता येत नाही आणि नेमक्या त्याच काळात स्नायूंची घसरण सर्वात वेगाची असते. म्हणून चालणे पहिल्या दिवसापासून, आणि परवानगी मिळताच हळूहळू वाढत जाणारा भार. पॅकिंगच्या टेबलापाशी आठ तास उभे राहणाऱ्याचे पाय दमतात, पण दररोज तोच हलका भार असल्याने स्नायू वाढत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्ट्यांचा व्यायाम वेगळा करावा लागतो.

रात्रपाळीत जेवणाची वेळ ढळते आणि येताजाता तोंडात टाकणे वाढते. लहान झालेले जठर ताटभर जेवण अडवते. चिवडा, फरसाण, बिस्किटे, गोड चहा ते अडवत नाही. दोन चमचे साखरेचा दुधाळ कटिंग पन्नास-साठ कॅलरींचा धरला तर पाळीतले पाच चहा तीनशेपर्यंत जातात, म्हणजे दहा किलो उतरल्यावर घटलेल्या खर्चाइतके. दारूही अशीच सहज खाली उतरते, शिवाय बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते.

वजन परत चढते तेव्हा

तळ गाठल्यानंतर थोडे चढणे नेहमीचे. अमेरिकेत बायपास झालेल्या चौदाशे रुग्णांच्या २०१८ सालच्या अभ्यासात तळानंतर पाच वर्षांत, उतरलेल्या वजनाचा साधारण पाव भाग परत आलेला होता. याहून बरेच जास्त किंवा वेगाने चढले तर कारण शोधावे लागते: स्लीव्हचा फुगलेला आकार, बायपासच्या पिशवीचा मूळ जठराशी झालेला अनावश्यक जोड, थायरॉइडची कमतरता, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा काही मानसोपचाराची औषधे, नैराश्य, बिघडलेली झोप. कारणानुसार आहारतज्ज्ञाची मदत, समुपदेशन, लिराग्लुटाइड-सेमाग्लुटाइडसारखी औषधे आणि मोजक्या रुग्णांत दुसरी शस्त्रक्रिया असा क्रम असतो. या औषधांनी वजन उतरतानाही स्नायू जातोच. प्रथिने आणि व्यायाम यांची गरज तेव्हाही संपत नाही.

पठार फोडण्यासाठी खाणे आणखी तोडणे हा सर्वात वाईट उपाय. त्याने काटा हलतो, पण चरबीबरोबर स्नायूही जातो. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास होणारी केसगळती बहुधा वेगाने उतरलेल्या वजनामुळे असते आणि थांबते. ती लांबली तर लोह, जस्त आणि प्रथिने तपासतात. रक्तातले लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची तपासणी पहिल्या वर्षी काही महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी होते. सतत उलट्या, चालताना तोल जाणे, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणे ही ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण असू शकते. तिथे पठाराचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.